दवाखान्यातले हातवाले काका

दवाखान्याचं दार उघडायच्या आधीच पायऱ्या भरून जायच्या. सर्दी-खोकल्याची, तापाची माणसं असायचीच. पण त्या थंडीत निम्मी गर्दी अशी होती की जिला काहीही झालेलं नव्हतं. ती कॉम्प्युटर चालू होताना बघायला यायची.

हातवाले काका आले की लोक बाजूला सरकून वाट करून द्यायचे. साठीच्या आसपासचा उंच माणूस, नीट विंचरलेले पांढरे केस, खांद्यावर जाड लोकरी शाल. ते थेट आतल्या टेबलाशी जायचे. टेबलावर एक जुना, पिवळा पडलेला कॉम्प्युटर होता. सिस्टर सगळ्यांदेखत त्याचं बटण दाबायच्या. पुढचा दिवा मिणमिणायचा, आतला पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबायचा आणि मग शांतता.

"बघितलंत?" काका म्हणायचे. "याच्या आत मदरबोर्ड असतो. नावातच आई आहे. आई रुसली की घर चालेल का? आणि हार्ड डिस्क. हार्ड म्हणजे कठीण. कठीण काळीज मऊ करायचं तर काय करतात? मायेनं जवळ घेतात."

ते शाल उलगडून कॉम्प्युटरच्या पेटीला लपेटायचे, दोन्ही हात शालीखाली घालायचे आणि डोळे मिटायचे. वीज आणि प्राण ही कशी सख्खी भावंडं आहेत, यावर हलक्या आवाजात बोलत राहायचे. कुणी खोकलं तर बाकीचे त्याच्याकडे रागानं बघायचे. दवाखान्यात खोकायची चोरी झाली होती. बराच वेळ गेला की काका डोळे उघडून म्हणायचे, "दाबा."

सिस्टर बटण दाबायच्या. पंखा घरघरायचा, पडद्यावर पांढरी अक्षरं धावायची आणि खोलीभर एक सुस्कारा पसरायचा. मागची माणसं पुढच्यांना विचारायची, "लागला का?" आणि उत्तर यायचं, "लागला."

वीज आणि प्राणाची ही भावंडं फक्त थंडीतच का भांडतात, हा प्रश्न कुणाला पडला नाही. पडला असला तरी कुणी विचारला नाही.

दवाखाना एका डॉक्टरबाईंचा होता. एकटीनं उभा केलेला. रोगी तपासून झाला की निदान एका वाक्यात सांगायचं, गोळ्या लिहायच्या आणि पुढच्याला बोलवायचं, अशी त्यांची पद्धत. कामाला चोख, बोलायला तुटक. हृदयाचा आलेख काढायचं त्यांचं यंत्र त्या जुन्या कॉम्प्युटरला जोडलेलं होतं आणि त्याचा प्रोग्रॅम नव्या कॉम्प्युटरवर चालत नव्हता. म्हणून तो म्हातारा कॉम्प्युटर अजून नोकरीत होता.

थंडी सुरू झाली तसा तो सकाळी लागेनासा झाला. एकदा लागला की दिवसभर विनातक्रार चालायचा. रात्री इमारतीचा मुख्य स्विच बंद होत असे, त्यामुळे रात्रभर चालू ठेवायची सोय नव्हती. दुरुस्तीवाला येऊन गेला. त्यानं वायर बदलून पाहिली, दुसऱ्या प्लगात लावून पाहिलं, आतल्या मेमरीच्या पट्ट्या काढून पुसून पुन्हा बसवल्या, ती गोल चपटी बॅटरीही नवी घातली. शेवटी म्हणाला, "मॅडम, याचा पॉवर सप्लाय, म्हणजे आत वीज पुरवणारा डबा, थकलाय. या मापाचा आता सहज मिळत नाही. मी शोधतो." तो शोधायला गेला आणि बाई वाट बघत राहिल्या.

त्याच दिवसांत काका घसा दाखवायला आले होते. सिस्टर बटण दाबदाबून वैतागल्या होत्या, ते त्यांनी पाहिलं.

"दुपारी लागतो का?" काकांनी विचारलं.

"कधीकधी आपोआप लागतो," सिस्टर म्हणाल्या. "एकदा लागला की मग काही त्रास नाही."

"हं," काका म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते शाल घेऊन आले.

कॉम्प्युटर लागला तेव्हा बाईंना हसू आलं. लागला हेच पुष्कळ होतं. बाहेर रोगी ताटकळत होते. "काय देऊ तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"मला काही नको," काका म्हणाले. "रोज येईन, सेवा करीन. बाहेर बसायला एक खुर्ची मिळाली तर बरं. या वयात उभं राहवत नाही."

बाईंनी खुर्ची दिली. बाहेरच्या खोलीत, भिंतीवर बाईंच्या पदव्यांची चौकट होती तिच्याच खाली.

त्या खुर्चीवर बसून काकांनी काय करायचं ते केलं. ज्या हातानं यंत्र उठतं त्या हातानं माणूस का उठणार नाही, असं कुणीतरी म्हणालं; बहुधा त्यांनीच कुणाला म्हणायला लावलं असेल. आधी एका आजींच्या गुडघ्यांवर हात ठेवला. गुडघ्यांना ऊब मिळाली, आजींना बरं वाटलं. मग कुणाची पाठ, कुणाची झोप, कुणाच्या मुलाची परीक्षा. आतल्या खोलीपेक्षा बाहेरच्या खुर्चीपुढची रांग लांब व्हायला लागली.

बाईंना हे दिसत होतं. एकदा सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, हे जरा जास्तच होतंय."

"होऊ दे," बाई म्हणाल्या. "हात ठेवल्यानं कुणाचं वाईट होत नाही. आणि त्यांना घालवलं तर सकाळी ते यंत्र कोण लावणार?"

सिस्टरनी पुढच्या रोग्याचं नाव पुकारलं.

त्या रांगेत एक बस ड्रायव्हर होता. सगळे त्याला ड्रायव्हरमामा म्हणत. पन्नाशीचा, गमत्या माणूस. बसमध्ये चढणाऱ्या प्रत्येक म्हातारीला "सावकाश, आई, गाडी तुमचीच आहे," म्हणणारा. त्याला रक्तदाबाचा त्रास होता. बाईंनी त्याला गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि एका वाक्यात सांगितलं होतं, "रोज घ्यायच्या, चुकवायच्या नाहीत." का, ते सांगितलं नव्हतं. मामाला काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. काही होत नसताना रोज गोळी खायची, हे त्याला कधीच पटलं नव्हतं.

हृदयाचा आलेख काढायला तो आला तेव्हा कॉम्प्युटर उठवायचा सोहळा चालू होता. मामानं तो डोळे विस्फारून पाहिला आणि बाहेर येऊन खुर्चीपुढे बसला. काकांनी त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले.

"दाब उतरला," काका म्हणाले. "तुमच्या रक्तात गोळ्यांचा गाळ साचलाय. यंत्रात धूळ साचते ना, तसा. आता गोळ्या बंद. गाळ बसू द्या."

"डॉक्टरबाईंना विचारू का?" मामानं विचारलं.

काका हसले. "मी कुठं बसलोय? बाईंच्याच दवाखान्यात ना? त्यांना मान्य नसतं तर बसू दिलं असतं का?"

मामाला ते पटलं. कुणालाही पटलं असतं.

हिवाळा संपायच्या आत एका सकाळी मामाचा उजवा हात स्टिअरिंगवरून घसरला. बस आगारातच उभी होती, प्रवासी चढायचे होते, म्हणून आणखी अनर्थ टळला. वाहकाला वाटलं, मामा नेहमीसारखी थट्टा करतोय. मग त्याच्या तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला त्याला दिसला.

मोठ्या हॉस्पिटलातून बाईंना फोन आला, कारण मामाच्या खिशात त्यांच्याच दवाखान्याचं कार्ड होतं. बाई तातडीनं गेल्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. उजवी बाजू गेली होती, वाचाही. मामाची बायको बाकावर बसली होती. एका कारखान्यात शिवणकाम करणारी, कामावरून उठून तशीच आलेली. दोऱ्याचे तुकडे अजून तिच्या बाहीला चिकटलेले होते.

"गोळ्या चालू होत्या ना?" बाईंनी विचारलं.

"काकांनी बंद करायला सांगितल्या."

"आणि त्यांनी ऐकलं?"

बाईंचा आवाज नकळत चढला होता. मामाची बायको त्यांच्याकडे वळली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच बाईंना पुढं फार दिवस बोचत राहिलं.

"डॉक्टरबाई, मी चौथीत शाळा सोडली. हे ड्रायव्हिंग शिकले, बाकी काही नाही शिकले. हात ठेवून दाब उतरतो की नाही, हे आम्हाला नव्हतं कळत. तुम्हाला कळत होतं ना?"

"मी येते," एवढंच पुटपुटून बाई निघाल्या. जिन्यात कुणीतरी ओळखीचं भेटलं, "काय डॉक्टर, कशा आहात?" म्हणालं. बाईंनी त्याच्याकडे न पाहताच मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्या कुणी यायच्या आधी दवाखान्यात गेल्या. मुख्य स्विच लावला, आत जाऊन कॉम्प्युटरचं बटण दाबलं. दिवा मिणमिणला, पंख्यानं अर्धी गिरकी घेतली आणि थांबला.

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी त्या कुणालाही सांगू शकल्या नसत्या. त्यांनी काकांसारखे दोन्ही हात त्या पेटीवर ठेवले आणि डोळे मिटले. आपण काय करतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. यंत्र लागावं अशी त्यांची इच्छा होती. ते लागलं असतं तर हात ठेवण्यात खरंच काही असतं. त्यात काही असतं तर मामाचं जे झालं ते नशीब ठरलं असतं, आणि त्यांचा दोष थोडा हलका झाला असता. इतकी वर्षं वैद्यक शिकलेली, केलेली ती बाई चमत्कार खरा निघावा म्हणून थंड पत्र्यावर हात ठेवून उभी होती.

त्यांनी बटण दाबलं. काही झालं नाही.

हात मात्र गारठले होते. पत्रा बर्फासारखा होता. तेव्हा त्यांना आठवलं, काका शाल काढायचे तेव्हा ही पेटी कोमट असायची. एकदा पुसताना त्यांच्या हाताला ते जाणवलंही होतं. रात्रभर बंद असलेलं यंत्र चालू व्हायच्या आधीच कोमट कसं? माणसाच्या तळव्यांनी एवढं लोखंड तापत नाही.

कपाटात पोट शेकायची रबरी पिशवी होती. त्यांनी पाणी गरम केलं, पिशवी भरली, कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला, जिथं विजेची वायर आत शिरते त्या कोपऱ्याला टेकवली आणि वरून चादर टाकली. मग स्टुलावर बसून राहिल्या. मंत्र नाही, डोळे मिटणं नाही. पिशवीतली ऊब उतरत आली तेव्हा त्यांनी बटण दाबलं.

पंखा घरघरला. अक्षरं धावली.

बाईंना आनंद झाला नाही. इतकं सोपं होतं. सर्दीच्या रोग्याला आपण जेवढा वेळ देतो तेवढा वेळ या गोष्टीला दिला असता तर पहिल्याच आठवड्यात कळलं असतं. त्यांनी दुरुस्तीवाल्याला फोन लावला.

"बरोबर आहे, मॅडम," तो म्हणाला. "पॉवर सप्लायमध्ये छोटे डबे असतात, कपॅसिटर. वीज साठवून एकसारखी पुढं सोडायचं त्यांचं काम. आत पातळ द्रव असतो, तो वर्षानुवर्षं सुकत जातो. थंडीत त्यांना जोर येत नाही. जरा तापले की काम करतात, आणि एकदा चालू झाले की स्वतःच्याच उष्णतेनं चालत राहतात. उन्हाळ्यात तुम्हाला त्रास नव्हता ना?"

"नव्हता."

"मग झालं. पण शेकत बसू नका. पाणी सांडलं तर भलतंच व्हायचं. मला तो सप्लाय मिळालाय, दुपारी बसवतो. आणि तो सप्लायचा डबा तुम्ही उघडू नका हं, बंद असतानाही झटका बसतो."

"या दुपारी," बाई म्हणाल्या. त्यांनी कॉम्प्युटर बंद केला, वायर काढली आणि खिडकी सताड उघडली. काका यायच्या वेळेपर्यंत पत्रा पुन्हा गार पडला होता.

गर्दी नेहमीसारखी जमली. मामाच्या बायकोलाही बाईंनी निरोप धाडला होता. ती दाराशी उभी होती. काका आले, मदरबोर्डच्या मायेवर बोलले आणि शाल उलगडायला लागले.

"आज शाल खुर्चीवर ठेवा," बाई म्हणाल्या.

काकांचे हात थांबले. "शालीशिवाय ऊर्जा विखुरते, डॉक्टर."

"शक्ती हातात आहे की शालीत?"

"हातातच. पण आज इथली कंपनं बिघडली आहेत. खोलीत संशयी माणूस असला की शक्ती हात आखडते."

"संशयी मी आहे," बाई म्हणाल्या. "मी बाहेर जाते."

त्या खरंच बाहेर गेल्या. आता काकांना पळवाट उरली नाही. त्यांनी शालीशिवायच पेटीवर हात ठेवले. बराच वेळ गेला. सिस्टरनी बटण दाबलं. पंखा अर्धी गिरकी घेऊन थांबला. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

गुडघेवाल्या आजी पुढं बसल्या होत्या. काकांना मदत करावी म्हणून त्या शाल उचलायला गेल्या आणि थबकल्या. "अगं बाई, ही केवढी जड. आणि गरम." त्यांनी अस्तर चाचपलं. "आत पाण्याची पिशवी शिवलीय की."

बाई आत आल्या. त्यांनी ती शाल आजींच्याच हातून पेटीच्या मागच्या कोपऱ्याला लावून घेतली आणि सगळ्यांना थांबायला सांगितलं. लोक थांबले. यावेळी जो खोकला त्याच्याकडे कुणी रागानं पाहिलं नाही. मग बाई म्हणाल्या, "आजी, तुम्हीच दाबा."

कॉम्प्युटर लागला.

"म्हणजे माझ्याही हातात आहे?" आजींनी विचारलं. काही जण हसले. आजी हसल्या नाहीत. त्या आपल्या गुडघ्यांकडे बघत होत्या.

बाईंनी दुरुस्तीवाल्यानं सांगितलं तसं सगळं सांगितलं: ते सुकत चाललेले छोटे डबे, थंडी, ऊब. पहिल्यांदाच त्या एका वाक्यात थांबल्या नाहीत. कुणाला कळलं नाही तर पुन्हा सांगितलं. काका मात्र दाराकडे सरकत म्हणाले, "चार लोकांना आधार दिला, हा गुन्हा झाला का? गोळ्या बंद करा असं मी कधी कुणाला सांगितलं?"

"सांगितलंत," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "ड्रायव्हरमामांना सांगितलंत. मी इथंच होते. मी ऐकलं आणि गप्प बसले."

"मीपण ऐकलं होतं," मागून कुणीतरी म्हणालं. मग आणखी एक जण. जो तो खाली मान घालून बोलत होता. काका निघून गेले, त्यांना कुणी अडवलं नाही. त्यांना चोप द्यावा असं एकदोघांना वाटलं, पण चोप द्यायला आपला हात स्वच्छ लागतो, आणि त्या खोलीत तसा हात कुणाचाच नव्हता.

"थांबा," बाई बाकीच्यांना म्हणाल्या. "त्यांनी तुम्हाला फसवलं. पण खुर्ची मी दिली होती. मला हात ठेवण्यावर कधीच विश्वास नव्हता, तरी मी बसू दिलं, कारण माझं यंत्र लागत होतं. तुम्ही त्यांच्यावर नाही, माझ्या पाटीवर विश्वास ठेवलात. मामांचा हात गेला त्यात माझा वाटा आहे. पुन्हा असा कुणी आला तर एवढंच करा. त्याला विचारा, हे कसं होतं. शाल काढूनही होतं का ते बघा. मी काही सांगितलं तर मलाही विचारा. ज्याला विचारलेलं चालत नाही, त्याच्यापासून उठून जा. तो माणूस मी असले तरी."

टाळ्या पडल्या नाहीत. लोक एकेक करून निघाले. दोघांतिघांनी जाताजाता सिस्टरना हळूच विचारलं की आपणही गोळ्या सोडल्या होत्या, आता काय करायचं. सिस्टरनी त्यांना तपासायला आत बसवलं. मामाची बायको कुणाशीही न बोलता निघून गेली.

बाई हॉस्पिटलात जायला लागल्या. मामाची बायको त्यांना या म्हणायची नाही आणि जा म्हणायची नाही. मामा पलंगावर उशीला टेकून असायचा. बस तो पुन्हा चालवणार नव्हता. ते त्याला कळलं होतं. शब्द मात्र थोडे थोडे परत येत होते, चिखलातून पाय काढावा तसे.

एकदा त्यानं विचारलं, "काँ...प्युटर. कसा?"

बाईंनी त्याला सगळं सांगितलं, शालीतल्या पिशवीपर्यंत. मामाच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. मग डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं मान भिंतीकडे वळवली. "मी... मूर्ख," तो म्हणाला.

"नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही मला विचारायला निघाला होतात. माझ्या दवाखान्यात खुर्ची होती म्हणून थांबलात."

बायको खिडकीशी उभी होती. ती वळली, औषधांच्या पाकिटातून एक पट्टी काढून बाईंपुढे धरली. "ही गोळी कशाला आहे?" तिनं विचारलं. स्वर कोरडाच होता. "यांना काही दुखत नसताना रोज का घ्यायची? चुकली तर काय होतं? नीट सांगा. मला कळेपर्यंत सांगा."

बाईंनी स्टूल ओढून घेतलं आणि सांगायला सुरुवात केली.